'येतो' नावाचा हुकूम

आमच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांना आजही असं वाटतं, की संगणकाचा निरोप घ्यायचा शब्द 'येतो' असा आहे. 'एक्झिट' नाही, 'लॉगआउट' नाही, येतो. वाय, ई, टी, ओ. ही सगळी तमिळ मुलं, मराठीचा गंध नसलेली. त्यांना तो लिनक्समधलाच एखादा शब्द वाटतो. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही. त्या शब्दाच्या धन्यावर माझा अजून राग आहे, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

कुंभकोणमच्या बाहेर, भातशेतीच्या मधोमध उभ्या केलेल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते संगणक लॅबचे प्रमुख होते. मी तिथेच शिकवायला होते. मी मूळची कऱ्हाडची, लग्न होऊन तिरुविडैमरुदूरला आले. माझं सासर म्हणजे तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे उतरलेल्या मराठी घरांपैकी एक, आणि हे लॅबप्रमुखही त्यातल्याच एका घरातले. कॉलेजात आपलं कुणीतरी मराठी माणूस आहे म्हणून पहिल्या दिवशी मी किती हरखले होते, हे आठवलं की माझीच मला कीव येते. लॅबमध्ये जाऊन मी म्हटलं, "सर, सर्व्हर खूप स्लो चाललाय का? माझं लॉगिनच होत नाहीये."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तूं मराठी बोलतेस म्हणून कोण सांगिटलें? यांत मराठी कोठें आहे? क्रियापद तेवढें एक."

आणि स्वतः? पाच मिनिटांत मुलांवर ओरडले, "सेरी, सेरी, अस्के कीळे उतरा!" मुलांना त्यातलं 'सेरी' आणि 'कीळे' कळलं, कारण ते तमिळ. म्हणजे बरं आणि खाली. मला 'उतरा' कळलं. 'अस्के' म्हणजे सगळे, हे घरी जाऊन सासूबाईंना विचारावं लागलं. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'वरच्या देशाची बाई'. नर्मदेपासून कृष्णेपर्यंत जे काही आहे तो सगळा त्यांचा 'वरचा देश', आणि तिथल्या लोकांनी मराठीची वाट लावली हे त्यांचं ठाम मत.

लॅब दुसऱ्या मजल्यावर. चपला जिन्याखाली काढायच्या. कोपऱ्यात लाकडी चौरंगावर सर्व्हर, त्याच्यावर जुन्या रेशमी उपरण्याचा तुकडा. त्या सर्व्हरला ते 'थोरलें' म्हणत आणि मुलांच्या संगणकांना 'धाकटीं'. राहूकाळात थोरल्याला निजवायचं नाही की उठवायचं नाही. राहूचं देऊळ इथून हाकेवर, तिरुनागेश्वरमला, त्यामुळे या बाबतीत प्राचार्यसुद्धा त्यांच्याशी वाद घालत नसत. मीही घालत नसे. ज्याचं त्याचं वेड. पण माणसाचं वेड दुसऱ्याच्या आड यायला लागलं की मला ते गोड वाटत नाही.

थोरल्याला त्यांनी बोलायला शिकवलं होतं. तुम्ही चुकीचा हुकूम टाइप केलात की सगळ्या जगातली यंत्रं सांगतात, हुकूम सापडला नाही. आमचं यंत्र इंग्रजी अक्षरांत सांगायचं, "असें कांही नाही." तुसडेपणा अगदी त्यांचाच. काम संपवून कुणी 'एक्झिट' लिहिलं की उत्तर यायचं, "असें म्हणूं नये," आणि यंत्र जागचं हलत नसे. बाहेर पडायचं तर लिहायचं 'येतो'. मग यंत्र म्हणायचं, "सेरी, ये," आणि सोडायचं.

मी विचारलं, हे काय खूळ?

"घरांतून निघतां 'जातों' म्हणतेस का?"

"नाही."

"ह्या मुलांची आई तरी 'पोरेन' म्हणूं देते का? 'पोय्ट्टु वरेन' म्हणायला लावते. जाऊन येतों. मग थोरल्यानें काय पाप केलें?"

मी म्हटलं, मी बाई माणूस आहे, मी 'येतो' कसं लिहू? दुसऱ्या दिवशी पाहते तर 'येते' लिहिलं तरी थोरलं सोडत होतं. मी 'थँक यू' म्हटलं. ते म्हणाले, "असें कांही नाही."

पण याच खुळापायी दारासुरमच्या एका मुलीचं काय झालं ते सांगते. घरी रेशमाचा माग, घरातली पहिली शिकलेली मुलगी, वर्गात हुशार. चेन्नईच्या एका कंपनीचे लोक मुलाखतीला आले आणि त्यांनी तिला साधा प्रश्न विचारला, टर्मिनल बंद कसं करशील? ती म्हणाली, येतो. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने लिहून दाखवलं. ते हसले. मुलगी इतकी गडबडली की पुढचं येत असलेलंही सांगता आलं नाही आणि तिची निवड झाली नाही. ती बाथरूममध्ये रडत बसलेली मला दिसली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लॅबमध्ये जाऊन मुलांदेखत त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुमच्या कौतुकाची किंमत पोरींनी का मोजायची?

ते उपरण्याची घडी करत ऐकत राहिले. "हंसले ते कोण? त्यांची नांवें सांग," एवढंच म्हणाले. जसं काही ते चेन्नईला जाऊन त्यांची हजेरीच घेणार होते. माफी नाही, काही नाही. त्यानंतर 'एक्झिट' लिहिलं की यंत्र आधी "असें म्हणूं नये" म्हणायचं आणि मग नाइलाजाने सोडायचं, एवढाच काय तो फरक. मुलीला दुसऱ्या वर्षी तंजावरला नोकरी लागली, ती तिच्या गुणांवर. त्याचं श्रेय मी त्यांना देणार नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या थोरल्यावर बाहेरून शिरायची सोय नव्हती. जगात सगळीकडे माणसं घरी बसून दूरच्या यंत्रावर काम करतात. इथे ज्याला सर्व्हर वापरायचा त्याने चपला काढून, जिना चढून, समोर येऊन बसायचं. सोय करणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मला येत होतं, पण मुख्य पासवर्ड त्यांच्याकडे, आणि तो त्यांनी प्राचार्यांनासुद्धा दिलेला नव्हता. लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद, तेव्हा तरी हा माणूस दार उघडेल असं वाटलं होतं. छे. पोलिसांची परवानगी काढून ते रोज एकटे लॅबमध्ये जाऊन बसत आणि मुलं फोनवरून आपापला प्रोग्राम त्यांना वाचून दाखवत. ओळीमागून ओळ. "कंस उघड… अर्धविराम… नाही सार, तो अर्धविराम नाही, साधा कॉमा." ते टाइप करत, चालवत आणि काय उत्तर आलं ते फोनवर वाचून सांगत. मुलं पुढे हे कौतुकाने सांगायची. मला विचाराल तर तो शुद्ध आडमुठेपणा होता. अर्ध्या तासाच्या कामासाठी महिनोन्‌महिने घसा बसवून घेतला.

कारण विचारलं तर एकच. "तोंड न दाखवतां घरांत येणें कोणची रीत?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण मला दिवस गेले. आधी एकदा हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यातच सांगितलं, अंथरुणावरून उठायचं नाही, बस नाही, ट्रेन नाही, जिना तर नाहीच. नवऱ्याची नोकरी कोईमतूरला, घरी मी आणि सासूबाई. कॉलेज म्हणालं, एवढी रजा नियमात बसत नाही, जागा भरावी लागेल. मी प्राचार्यांना फोन केला. ते आवाज खाली आणून म्हणाले, वर्ग व्हिडिओवर घ्या, प्रॅक्टिकल घरून घेता आलं तर माझी हरकत नाही, पण लेखी मागू नका. म्हणजे माझी नोकरी एका दारावर टांगलेली, आणि दाराची किल्ली कुणाकडे, तर त्यांच्याकडे.

मी फोन केला. सगळं सांगितलं. बाईने परपुरुषाला सांगू नये तेही सांगितलं.

"थोरल्यापुढें येऊन बसल्याशिवाय होत नाही," ते म्हणाले.

मी विनवलं. सासूबाईंनी विनवलं. पालथ्या घड्यावर पाणी. दोन आठवडे हा खेळ चालला. माझ्या जागेवर दुसरी बाई बघतायत असं कानावर आलं, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, समोर येऊन बसायचं ना? येते. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी ऑटो केला, कुंभकोणम गाठलं, जिन्याखाली चपला काढल्या आणि चढायला लागले. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर पोटात अशी कळ आली की मी कठडा धरून खाली बसले.

ते दारातून पाहत होते. असा पांढराफटक पडलेला माणूस मी आधी पाहिला नव्हता. धावत खाली आले, अनवाणी, आणि माझ्यासमोरच्या पायरीवर बसले. "कां आलीस?" म्हणाले. "कां आलीस तूं?"

"तुम्हीच म्हणालात ना, या."

खरं सांगते, त्या क्षणी ते मेले असते तरी मला चाललं असतं. त्यांनी प्राचार्यांची गाडी आणवली, मागच्या सीटवर मला आडवं केलं आणि दवाखान्यापर्यंत पुढे बसून राहिले. पोटातला जीव शाबूत होता, पण ते कळेपर्यंत जो वेळ गेला तो मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

दोन दिवसांनी दुपारच्या गाडीने ते तिरुविडैमरुदूरला आमच्या दारात उभे. सासूबाई काहीही झालं तरी रीत सोडणार नाहीत. त्यांनी पितळी डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, काप्पी (कॉफी) आणून ठेवली आणि मग म्हणाल्या, "घ्या. मुलीस जागचें उठणें नको म्हणून डाक्टर सांगिटलीत. तुम्हांस सांगिटलें होतें."

"होय," ते म्हणाले. काप्पी तशीच राहिली. माझ्या खाटेपासून लांब, उंबऱ्यापाशी बसून त्यांनी माझा लॅपटॉप मागितला. बाहेरून शिरायचं तर पासवर्डपेक्षा किल्ली बरी. किल्ली म्हणजे एक छोटी फाइल असते, तिचा एक भाग आपल्याकडे राहतो आणि एक सर्व्हरवर ठेवायचा असतो. तो भाग ईमेलने पाठवता येतो, त्यात काही धोका नाही. मी तसं म्हटलंही, तिरसटपणेच.

"किल्ली वाऱ्यावर पाठवणें नाही," ते म्हणाले. पेन ड्राइव्हवर घेतली, शर्टच्या खिशात ठेवली, खिशावर हात धरून स्टेशनवर गेले. संध्याकाळी माझ्या पडद्यावर थोरलं उघडलं. दोन आठवडे माझं रक्त आटवलं ते या एवढ्यासाठी.

पण त्यांची अट होती. नवी सून सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जाते, तशी काही दिवस ते माझी पाठराखीण. म्हणजे एकच पडदा दोघांना दिसणार. मी इथे टाइप करायचं ते त्यांना तिथे दिसायचं, आणि त्यांनी तिथे केलेलं मला इथे. ते 'काही दिवस' कधी संपलेच नाहीत. मी अर्धा हुकूम लिहिला की माझी अक्षरं मागे मागे खोडली जायची आणि त्यांचा हुकूम उमटायचा. अंथरुणावर पडून मी दात-ओठ खायची.

त्या पडद्यावर आम्ही बोलायचोही. ओळीच्या सुरुवातीला जाळीचं चिन्ह टाकलं की यंत्र त्या ओळीकडे लक्ष देत नाही. "हें चिन्ह मणजे पडदा," त्यांनी मला शिकवलं होतं. "पडद्यामागें माणसांनी बोलावें. थोरलें ऐकत नाही." त्यांच्या तोंडी 'म्हणजे'चं 'मणजे' व्हायचं, घराचं 'गर', आणि लिहितानाही तसंच; बाकी ठिकाणी मी ते सुधारून लिहिलंय. मी चिन्ह टाकायला विसरायची. मग मी लिहायची, "सर मध्ये येऊ नका," आणि त्यांच्या आधी यंत्रच फटकारायचं, "असें कांही नाही." ते मात्र एकदाही विसरले नाहीत. आधी जाळी, मग बोलणं. "# जेवलीस का." "# आतां मुलांस सोड, पडून राहा." "# वरच्या देशांत दुपारीं निजत नाहीत का." रोज काम संपलं की मी 'येते' लिहायची, यंत्र म्हणायचं, "सेरी, ये." पुढे पुढे मला त्याची सवय झाली, हेही लिहून टाकते. सवय झाली म्हणून राग गेला असं नाही.

सातव्या महिन्याच्या शेवटी कॉलेजात तपासणीची समिती आली. समितीबरोबर मालक. लॅब पाहताना त्यांच्यातल्या कुणीतरी थोरल्याच्या पडद्यावर पाहिलं की एक जण कॉलेजच्या बाहेरून आत शिरलेला आहे. मी होते, मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. मालक भडकले. बाहेरच्याला दार कुणी उघडून दिलं, कुणासाठी दिलं, परवानगी कुणाची? परवानगी ज्यांची होती ते प्राचार्य बाजूलाच उभे होते. लेखी काही नव्हतं. ते गप्प बसले.

हे मला कधी कळलं? माझी मुलगी झाल्यावर, रजा संपवून हजर झाले तेव्हा. प्राचार्यांनीच सांगितलं, आणि तेही वर असं, की बघा, आम्ही तुमची नोकरी कशी सांभाळली. लॅबप्रमुखांनी म्हणे पुढे होऊन सांगितलं होतं, दार मी उघडलं, माझ्याकरता उघडलं, घरून काम करायला. शिरलेला आहे तो मीच आहे. मालकांनी विचारलं, तुम्ही तर इथे उभे आहात, मग बाहेर कोण? तर म्हणाले, सकाळी शिरलों तो निघायचा राहिलों. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने यंत्राबद्दल खोटं सांगितलं, आणि ते इतकं बावळट खोटं होतं की तिथल्या प्रत्येकाला कळलं असणार. पण कुणीतरी दोषी हवाच होता आणि हा आपण होऊन सापडला. आ बैल मला मार. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं सांगितलं त्यांना. त्या खोलीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं.

प्राचार्यांना त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचं तोंड गप्प राहिलं म्हणून एका माणसाचं घर बसलं, आणि वर ते माझ्याकडून आभाराची वाट बघत होते. पण खरा राग त्यांच्यावर नाही. भित्र्या माणसावर किती रागावणार?

राग यांच्यावर आहे. मला कुणी विचारलं? पडद्यावर माझ्यासमोर होते, एक जाळी टाकून एक ओळ लिहायची होती. मी मालकांना फोन केला असता. माझं नाव मी सांगितलं असतं, नोकरी गेली असती तर गेली असती. ती माझी होती, मीच घालवली असती. आधी दार उघडायचं नाही म्हणून माझा जीव टांगणीला लावला. मग उघडलं तर असं, की आता जन्मभर त्यांच्या उपकाराखाली राहावं. हा कुठला न्याय? त्यांची जागा घेणारा नवा माणूस इतका ठोंब्या होता की बाहेरचं दार कुठे आहे हेच त्याला सापडलं नाही. ते उघडंच राहिलं, आणि बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी त्यातून बिनधोक आत जात राहिले, काही न कळता. पडद्यावर कुणी माझी अक्षरं खोडत नव्हतं. मला वाटलं, म्हातारा आजारी आहे. फोन लागत नव्हता, आणि मुलांना प्राचार्यांनी माझ्यापाशी तोंड उघडू नका म्हणून बजावलेलं होतं.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, लेकीकडे गेले, कुठल्या गावी ते ठाऊक नाही, बोलत नसत कुणाशी फारसे. मुलगी माझ्या खांद्यावर झोपलेली. मी त्या कुलपावर दोनदा थाप मारली, उगीचच.

आता समितीच्या त्या दिवशी माझ्या पडद्यावर काय झालं तेवढं सांगायचं राहिलं. मला तेव्हा कशाचाच पत्ता नव्हता. मुलांचं काम संपत आलं होतं. मी एक फाइल उघडत होते, तेवढ्यात नेहमीसारखी माझी अक्षरं मागे मागे पुसली गेली. मी चिडले, म्हटलं, आता काय चुकलं? रिकाम्या ओळीवर खूण नुसतीच लुकलुकत राहिली. मग सावकाश चार अक्षरं उमटली. अलीकडे जाळी नव्हती. पडदा नव्हता. जे लिहिलं ते त्यांनी मला नाही, थोरल्याला लिहिलं होतं.

'जातो.'

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी खाली लिहायला घेतलं, "# येतो म्हणा," पण माझं अर्धंच लिहून झालं होतं, तोवर त्यांनी शिकवलेलं उत्तर यंत्राने त्यांना देऊन टाकलं होतं.

"असें कांही नाही."